सादर झाले असे मानण्यात येत आहे

माझ्या मुलीला तिच्या विद्यापीठानं फसवलं. चोरून नाही, भरल्या सभागृहात, समई पेटवून आणि टाळ्या वाजवून फसवलं. संशोधनावर बोलायला बोलावलं, तोंड उघडू दिलं नाही, आणि वर उत्कृष्ट बोलल्याबद्दल बक्षीस दिलं. त्या कार्यक्रमाच्या संयोजक प्राध्यापकांनी मलाही फसवलं, पण माझं मी बघून घेईन. मी बाजारात वाढलेला माणूस आहे. मुलगी तशी नाही.

त्या दिवशी व्यासपीठावर ज्या शाली वाटल्या गेल्या त्या माझ्याच दुकानातल्या होत्या, हेही आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी मोठा शोध लावल्यासारखं मला ऐकवायला नको.

माझं शिरूरला सत्कार-साहित्याचं दुकान आहे. शाल, श्रीफळ, फेटे, पुष्पगुच्छ, सन्मानचिन्हं, ढाली. मूळ गाव केंदूर. शाळा अर्धवट सुटल्यावर मी लग्नांत फेटे बांधत हिंडायचो. तिथं एक गोष्ट लक्षात आली. पोराच्या वह्यांसाठी दहा वेळा विचार करणारा माणूस व्याह्याच्या फेट्यासाठी एकदाही करत नाही. त्यावर मी दुकान उभं केलं, आणि पुढं शेजारच्या तालुक्यात भांडगावला हायवेलगत दुसरा गाळा घेतला. धंदा चांगला चालतो, कारण आमच्या दोन्ही तालुक्यांत सत्काराला तोटा नाही. बोअरला पाणी लागलं की सत्कार होतो. पोरगा परदेशी गेला की होतो, आणि जमलं नाही म्हणून परत आला तरी होतो.

मुलगी मात्र या सगळ्यापासून लांब राहिली. इंजिनिअर झाली, आणि नोकरी न धरता पीएचडीला बसली. विद्यापीठ घराजवळचंच. आधी ते कॉलेज होतं, मग कमानीवरची पाटी बदलली आणि विद्यापीठ झालं. लोक विचारायचे, पोरगी कशावर संशोधन करते? मी सांगायचो, चुलवाणावर. लोकांना वाटायचं मी चेष्टा करतोय.

चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. वर रसानं भरलेली काहील, खाली जाळ. जाळ चिपाडाचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाचा. चिपाड वाळलेलं असलं तर झकास पेटतं. ओलं असलं की नुसता धूर होतो, काहील उकळत नाही, आणि मग माणसं हाताला लागेल ते आत कोंबतात. जुनं रबर, प्लास्टिक, फाटक्या चपला. गुऱ्हाळांच्या राहू गावाकडून संध्याकाळी आलात तर नाकाला कळतं. माझ्या मुलीचं म्हणणं असं, की धुराड्याकडं जो गरम धूर वाया जातो त्याच्याच वाटेवर चिपाड वाळवायचं आणि हवा खालून दोन्ही बाजूंनी आत घ्यायची. मग ओलं चिपाडही कामाला येतं आणि चपला जाळायची वेळ येत नाही. विद्यापीठाच्या मागच्या शेडमध्ये तिनं लहानशी भट्टी बांधली, त्यात हे जमलं. पण शेडमधल्या भट्टीवर गुळाची ढेप निघत नाही. तिचे मार्गदर्शक म्हणाले, खरं चालतं चुलवाण मिळव, त्यावर करून दाखव. त्याशिवाय प्रबंध पुढं जाणार नाही.

चालतं चुलवाण कोण देणार? ती राहूच्या गुऱ्हाळांवर वर्षभर हिंडली. सगळ्यांनी चहा पाजला, चुलवाण कुणी दिलं नाही. फक्त एक आबा तिला रोज येऊ द्यायचे. वय झालेले, जुने पैलवान, कान मोडलेले, आवाज अजून कुस्तीच्या फडातला. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो होतो. तिनं जाळाकडं उष्णता मोजायचं यंत्र धरलं, तसे आबा खाटेवरून ओरडले, “ये ताई, ही बंदूक कशाची?”

“जाळ किती तापलाय ते सांगते, आबा.”

“व्हय? मंग जरा आमच्या म्हातारीवर धर. पन्नास वर्सं झाली, मला अजून अंदाज न्हाई.”

म्हातारी आतून म्हणाली, “धर बाई धर. पन आधी ह्यांच्या जिभेवर धर.”

अशा हसण्याखेळण्यात वर्ष गेलं. शेवटी मुलीनं एक दिवस सरळ मागितलं. आबा खाटेवरून उठून चुलवाणापाशी गेले. मग म्हणाले, “तुझं म्हणनं खोटं न्हाई, पोरी. माझ्या डोळ्यांनी बघतोय मी. पन हे चुलवाण माझ्या बापानं घातल्यालं हाय. तुझ्या एकटीच्या शब्दावर पाडलं तर समदं राहू हसंल मला. तुझ्या इद्येतला कुणी मोठा मानूस तुला इचारू दे, माझ्यादेखत. आडवंतिडवं इचारू दे. तू उत्तर दिलंस, तर ह्या पावसाळ्यात चुलवाण तुझं.”

पावसाळा म्हणण्याला कारण आहे. पावसाळ्यात गुऱ्हाळ थंड असतं. चुलवाण पाडायचं, बांधायचं, लिंपायचं ते तेव्हाच. तो मोसम हुकला की वर्ष गेलं.

त्यात विद्यापीठानं राष्ट्रीय परिषद जाहीर केली. विषय ग्रामीण ऊर्जा. बाहेरच्या राज्यातून एक वयस्कर तज्ज्ञ येणार होते, ज्यांचं आयुष्य भट्ट्यांवर काम करण्यात गेलं होतं. मुलीचा निबंध समितीनं निवडला. आबांनी यायचं कबूल केलं. तज्ज्ञ विचारणार, मुलगी सांगणार, आबा ऐकणार. इतकं सरळ गणित मी धंद्यातही कधी पाहिलं नव्हतं.

आणि सत्काराच्या साहित्यासाठी संयोजकांचा मलाच फोन आला.

“शेठ, शाली जरा बऱ्या पाहिजेत. पण भाव विद्यापीठाला शोभेल असा लावा.”

“सर, विद्यापीठाला शोभणारा भाव जास्त असतो.”

“अहो, शिक्षणाचं काम आहे.”

“म्हणूनच म्हणतो. शिक्षण स्वस्त कुठं राहिलंय?”

बराच वेळ ओढाताण झाली. मग मी म्हणालो, सर, खरेदीच्या भावात देतो, वर एक रुपया घेत नाही. पण माझ्या मुलीचं बोलणं पहिल्या सत्रात, जेवणाच्या आधी, तज्ज्ञ समोर बसलेले असताना झालं पाहिजे. ते म्हणाले, “एवढंच ना? दिलं.” मी म्हणालो, “शब्द?” ते म्हणाले, “शब्द.”

याला कुणी वशिला म्हणेल. मी म्हणत नाही. निबंध त्यांच्याच समितीनं निवडला होता, गुण त्यांनीच दिले होते. मी फक्त वेळ मागितली आणि तिची किंमत मोजली. याला सौदा म्हणतात, आणि सौदा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

कार्यक्रमाच्या सकाळी मी स्वतः गाडी घेऊन राहूला गेलो. आबा कडक इस्त्रीच्या कपड्यांत तयार होते. बसता बसता म्हणाले, “शेट, दुपारच्या आदनाला मला हितं सोडायचं बरं का. गुळव्या उत्तरेकडचा हाय, चांगला हाय, पन मी समोर नसलो की त्याचा गूळ काळा पडतो.” आदण म्हणजे काहिलीत चढवलेला एक घाणा रस. तो तयार व्हायच्या आत मालकानं तिथं असलं पाहिजे, अशी आबांची जुनी रीत. मी म्हणालो, “आबा, पोरीचं झालं की तसंच उठू.”

सभागृहात तज्ज्ञ आमच्याही आधी येऊन बसले होते. बारीक चणीचा माणूस, मांडीवर कापडी पिशवी. मुलगी भेटायला गेली तर ते हिंदीत म्हणाले, अच्छा, भट्टीवाली लडकी तुम हो? तुम्हारे लिए मैंने सवाल निकाल के रखे हैं, आसान नहीं हैं. मुलगी परत आली ती अशी चालत, की मला तिचा दहावीचा निकाल आठवला. आबांनी विचारलं, “हाच का तो सायब?” मी म्हणालो, हाच. आबांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “अंगानं बारीक हाय, पन नजर चांगली हाय.”

कार्यक्रम सुरू होईना. समई सजवून ठेवली होती, पण ती पेटवायचे होते ते पुढारी वाटेत होते. भट्टीत आयुष्य घातलेला माणूस समोर बसलेला, आणि पाच वाती पुढाऱ्याची वाट बघतायत. शेवटी ते आले, आणि एकटे आले नाहीत. त्यांच्यामागं सोसायटीचे चेअरमन, व्हाइस चेअरमन, माजी चेअरमन, आणि ज्यांचं पद मला कळलं नाही पण ज्यांना पुढच्या रांगेतली खुर्ची कळत होती असे बरेच जण आले. तिथं आधी बसलेल्या संशोधक मुलांना उठवून मागं नेलं. समईला पंख्याचा वारा लागत होता म्हणून पंखे बंद केले, आणि समई पेटल्यावर ते चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग सत्कार सुरू झाले.

आयुष्यभर मी माल पोचवून मागच्या दारानं निघून आलो होतो. माल पुढं काय करतो ते त्या दिवशी पहिल्यांदा बसून पाहिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापिका प्रत्येक पाहुण्याआधी एक चारोळी म्हणत. मग पाहुणा उठे, शाल उलगडे, फोटोवाला म्हणे, सर इकडं, आणि घालणारा आणि घालून घेणारा दोघं फोटोवाल्याकडं बघत थिजून उभे राहत. मग श्रीफळ, तेव्हा पुन्हा फोटो. कुलगुरूंचा सत्कार पुढाऱ्यांच्या हस्ते, पुढाऱ्यांचा कुलगुरूंच्या हस्ते. विश्वस्तांचा झाला. विभागप्रमुखांचा झाला, ते तर घरचेच होते. तज्ज्ञांचा झाला तेव्हा त्यांच्या खांद्यावरची शाल घसरली आणि ती सावरायच्या आत पुढची चारोळी सुरू झाली.

एवढ्यात विद्यापीठाचे एक क्लार्क वाकून माझ्यापाशी आले. “शेठ, गाडीत अजून शाली असतील का? साहेबांची माणसं जास्त निघाली.”

“कार्यक्रमपत्रिकेवर नावं नाहीत त्यांची.”

“नाहीत. पण चेअरमनचा केला आणि माजी चेअरमनचा राहिला तर ते उद्या दुसऱ्या गटात दिसतील. वरून निरोप आहे.”

गाडीत शाली होत्या. माझ्या गाडीत माल नाही असं होत नाही. मी दिल्या. उद्या कुणी म्हणेल, नसत्या दिल्या तर? नसत्या दिल्या तर त्यांनी हार आणले असते, नाहीतर रुमाल गुंडाळले असते. या माणसांना मी चांगला ओळखतो.

आणि मग चारोळी झाली ती शेतकरीराजावर, आणि नाव पुकारलं आमच्या आबांचं. प्रगतशील शेतकरी म्हणून. कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार, ग्रामीण ऊर्जेवर परिषद आहे आणि व्यासपीठावर ग्रामीण कुणी नाही. आबा माझ्याकडं बघायला लागले. “मला?” मी म्हणालो, जा. ते वर गेले, शाल घेतली, आणि खाली उतरणार तेवढ्यात पुढारी म्हणाले, “आबा, दोन शब्द बोला की. ती इंदापूरची कुस्ती सांगा.”

आबांनी माईक हातात घेतला. आबा कसे बोलतात ते राहूत कुणालाही विचारा. त्यांनी ती कुस्ती सुरुवातीपासून सांगितली. घरून निघताना आईनं काय बांधून दिलं, एसटी कुठं बंद पडली, समोरच्याची मांडी केवढी होती. सभागृह पोट धरून हसलं. माझी मुलगी पेनड्राइव्ह मुठीत धरून कडेला उभी होती. सुरुवातीला तीही हसली. मग ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली, आणि मी उठलो.

संयोजक पडद्यामागं उभे होते. रागाला आलो की माझी भाषा केंदूरला जाते.

“सर, पोरीचं कवा?”

“शेठ, आबांचं झालं की साहेबांचं भाषण. ते झालं की लगेच आपली.”

“सायब बोलले की जेवत्यात आन् जेवले की जात्यात. मला शिकवू नका. आत्ता घ्या.”

“आत्ता कसं? साहेबांच्या आधी विद्यार्थी?”

“बरं, सायबांचं झाल्याबरोबर. जेवायच्या आधी. धा मिनटं.”

“जेवण गार होतं हो. नंतर देतो ना, चांगला निवांत वेळ देतो.”

“नंतर आबा न्हाईत. त्यांचं आदन चढलंय तिकडं.”

“मग त्यांना थांबवा.”

“उकळता रस थांबतोय व्हय? पाच मिनटं द्या. उभ्या उभ्या बोलंल ती. त्यो तज्ज्ञ मानूस तिला इचारंल आन् आबा ऐकत्याल, एवढंच पायजे मला.”

“शेठ, आवाज कमी. इथला माईक चालू असतो.”

“असू द्या. न्हाईतर माझ्या शाली उतरवून द्या एकेकाच्या अंगावरनं.”

ते हसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, शेठ, तुमचा स्वभाव मोठा विनोदी. मी विनोद करत नव्हतो.

पुढाऱ्यांचं भाषण झालं. तरुण संशोधकांना त्यांनी कळकळीनं सांगितलं, की प्रयोगशाळेतून बाहेर या, बांधावर या, गुऱ्हाळावर या, आबांसारख्या माणसांना तुमची विद्या ऐकवा. टाळ्या झाल्या. माझ्या मुलीनंही वाजवल्या. मग जेवण.

जेवणाच्या रांगेतून आबांना शोधून काढेपर्यंत ते मठ्ठा पिऊन मोकळे झाले होते. खांद्यावर शाल तशीच. म्हणाले, “शेट, तुम्हाला तरास नको. सायबांची एक गाडी राहूवरनंच चाललीय.”

“आबा, पोरीचं ऐकायचं राहिलं की.”

“ऐकलं की! समदं ऐकलं. लई दणक्यात कार्यक्रम झाला. पोरीला म्हनावं, तुझ्यापायी म्हाताऱ्याला शाल मिळाली.”

“अहो, पण ती बोललीच नाही अजून.”

“मंग बोलंल की. मला आता आदन हाय.” आणि गाडीत बसले.

तज्ज्ञांना पुण्याला विमान गाठायचं होतं. जेवता जेवता ते विचारत होते, वो भट्टीवाला पेपर कब है? संयोजक त्यांच्या कोपराला धरून दाराकडं नेत म्हणाले, सर, तो स्मरणिकेत पूर्ण छापलाय. मुलगी धावत गाडीपाशी गेली. त्यांनी काच खाली केली, ईमेल करना, म्हणाले, आणि त्यांचे सवाल त्यांच्याबरोबर निघून गेले.

दुपारी सभागृहात संशोधक मुलं तेवढी उरली. त्यांच्यातलीही काही जण जेवून पेंगत होती. सत्राचे अध्यक्ष आले, घड्याळ बघितलं आणि उभ्यानंच म्हणाले, “वेळेअभावी उर्वरित सर्व निबंध सादर झाले असे मानण्यात येत आहे.” मला वाटलं, मुलं आता खुर्च्या फेकतील. मुलांनी लॅपटॉप बंद केले. काहींच्या तोंडावर तर सुटल्याचा आनंद होता. माझी मुलगी पडद्यासमोर उभी होती. तिचं पहिलं चित्र पडद्यावर आलेलं होतं, आबांचं चुलवाण, वर धूर. कुणीतरी प्रोजेक्टर बंद केला.

लगेच बक्षीस समारंभ. त्याला वेळ होता. उत्कृष्ट सादरीकरण, प्रथम क्रमांक: माझी मुलगी.

ती वर गेली. ढाल आणि प्रमाणपत्र हातात दिलं, तेव्हा तिनं माईककडं वळून सांगितलं, “सर, मी सादर केलंच नाही. मी एक शब्दही बोलले नाही.”

सूत्रसंचालिका म्हणाल्या, “पाहा! यश मिळूनही केवढा हा विनय!” आणि सबंध दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

संयोजक माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि कानाशी म्हणाले, “काय शेठ, झालं ना आता समाधान?” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या लेखी सौदा फिटला होता. मी ऐकणारी माणसं मागितली होती. ती त्यांच्याकडं शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी ढाल दिली. दुसऱ्याच मालावर बोळवण करायची आणि वर गिऱ्हाईकाला खूश झालास ना म्हणून विचारायचं, हे मी पुष्कळ दुकानांत पाहिलंय. विद्यापीठात पहिल्यांदा पाहिलं.

घरी येताना मुलगी गाडीत ढाल मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, “पप्पा, तुम्ही सरांशी काय बोलला होतात?”

मी सांगितलं.

“म्हणजे हे बक्षीस शालींचं.”

“मी वेळ मागितली होती. बक्षीस कोण मागत होतं?”

“त्यांना दोन्ही सारखंच,” ती म्हणाली आणि ढाल मागच्या सीटवर टाकली.

भांडगावच्या चौकात आठवड्याच्या आत फ्लेक्स लागला. माझ्या गाळ्याशेजारच्या दुकानदारांनी प्रेमानं लावला. वर पुढारी, खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि कोपऱ्यात माझी मुलगी. ओळखू यावी म्हणून बाण काढायला हवा होता.

त्यानंतर आम्ही दोघं राहूला गेलो. आबा खूश होते. शाल खुंटीला टांगलेली होती, तीही दिसेल अशी. म्हणाले, “नंबर आला म्हनं तुझा! म्हंजी त्या बारीक सायबानं इचारलं आसंल. मी न्हवतो, पन नंबर दिला म्हंजी इचारल्याबिगर दिला नसंल. दिलंस ना उत्तर?”

एक हो म्हटलं असतं तर चुलवाण आमचं होतं. मी खाटेखालून तिच्या पायाला पाय लावला. तिनं पाय बाजूला घेतला.

“नाही, आबा. कुणी काही विचारलं नाही. मी बोललेच नाही.”

“मंग नंबर?”

“तसाच दिला.”

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. “म्हंजी नुरा झाली,” ते म्हणाले. पैलवानांच्या भाषेत नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. “पोरी, तू खरं बोललीस, तुझ्यावर माझा राग न्हाई. पन ज्यांनी न लढता तुला गदा दिली, त्यांच्या इद्येवर मी बापाचं चुलवाण कसं पाडू? उद्या गूळ बिघडला तर तेबी म्हनतील, चांगला झाला आसं मानन्यात येतंय.”

मी भांडलो. सौद्यात मी कुणाला ऐकत नाही, आबांशीही तासभर भांडलो. नवं चुलवाण बांधून देतो, नुकसान भरून देतो, लेखी देतो. म्हातारीनं दोनदा चहा टाकला. आबा हलले नाहीत. ते म्हणाले, “शेट, त्या बारीक सायबाला पुन्यांदा आना. माझ्यादेखत इचारू द्या. माझा शब्द अजून तसाच हाय.”

मी विद्यापीठात गेलो. संयोजकांनी चहा मागवला. मी म्हणालो, चहा नको, मुलीला बोलायची वेळ द्या, तज्ज्ञांना परत बोलवा, खर्च माझा.

“शेठ, निबंध सादर झालेला आहे. एकच निबंध दोनदा सादर करता येत नाही. नियम आहे.”

“झालेला नाही. तुमच्यासमोर झालेला नाही.”

“प्रमाणपत्रात झालाय ना?”

“मग प्रमाणपत्र परत घ्या.”

ते खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, “परत घ्यायची पद्धत नाही. आजपर्यंत कुणी परत केलेलंच नाही. शेठ, मला कळत नाही, तुमची तक्रार नक्की काय आहे? बक्षीस मिळालं ही?”

मी टेबलावर हात आपटला. बाहेरून शिपाई आत डोकावला. संयोजक त्याला म्हणाले, काही नाही रे, शेठ आपलेच आहेत.

मुलीनं तज्ज्ञांना ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं, सभ्य आणि आखूड: खऱ्या भट्टीवर चालवून पाहा, त्याचे आकडे आले की जरूर चर्चा करू. आबा म्हणतात, साहेबानं विचारल्याशिवाय भट्टी नाही. साहेब म्हणतात, भट्टीशिवाय विचारणं नाही. या दोघांची गाठ पडायची एकच जागा होती, एकच सकाळ होती, आणि ती सकाळ माजी चेअरमनच्या अंगावर घातली गेली.

पाऊस लागला. गुऱ्हाळ थंड झालं. आबांनी गवंडी बोलावून बापाचं चुलवाण होतं तसंच लिंपून घेतलं. मुलगी तेव्हा तिथं गेली होती. ओली माती हाताळून आली. विद्यापीठाच्या शेडमध्ये ती अजून रोज जाते, तीच लहान भट्टी पेटवते, तेच आकडे पुन्हा पुन्हा घेते. मार्गदर्शक म्हणतात, पुढच्या पावसाळ्यात बघू. तिच्या बरोबरीच्या मुली नोकऱ्यांत बढत्या घेतायत. राहूत ओलं चिपाड आहे, धूर आहे, आणि आत काय काय जळतंय ते वासावरून कळतं.

त्या प्रमाणपत्रावर तीन परीक्षकांच्या सह्या आहेत. परीक्षक मोठे आहेत, शिकलेले आहेत, मी त्यांचा मान ठेवतो. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की त्यांनी राहूला यावं, आबांच्या खाटेवर बसावं, आणि माझी मुलगी त्या दिवशी नेमकं काय बोलली ते सांगावं. सगळं नको. एक वाक्य सांगा. हवा कुठून घ्यायची म्हणाली? चिपाड कुठं वाळवायचं म्हणाली? ज्याला तुम्ही पहिला नंबर दिलात त्यातलं काही तरी ध्यानात असेलच.

आणि संयोजक सर, शब्द तुम्ही दिला होता. तुमच्या नियमात ती बोलून झाली असेल, आबांच्या चुलवाणापुढं नाही. तिचं वर्ष तुम्ही कुणाच्या परवानगीनं गेलं असं मानलंत? याचं उत्तर मला स्मरणिकेत नको, चारोळीत नको. समोर उभं राहून, तुमच्या तोंडानं हवंय. मी विद्यापीठाच्या दारात पुन्हा येणार आहे आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. तेव्हा मला आपलेच शेठ म्हणू नका. उत्तर द्या.